आजीच्या आवाजाला जागा

आमच्या आजीचा आवाज एका व्हर्च्युअल मशीनवर राहतो. इंदूरच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स आणि त्यात लिनक्स चालवणारं एक मशीन. म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक, आणि त्याची हार्डडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल. पुणे, हैदराबाद, वडोदरा असे पांगलेलो आम्ही भावंडं त्यावरून आजीच्या गोष्टी ऐकतो. साधारण ८० तासांचं रेकॉर्डिंग आहे. आजी दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे यातलं काहीच पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही.

यंदा पावसाळ्यात ती डिस्क भरली. आत्याकडे सापडलेल्या जुन्या कॅसेट चढवायच्या होत्या आणि मशीन एकही फाइल घेईना. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, सगळ्याचं एमपीथ्री करून टाक ना. कोणाला कळणार आहे?"

हिशेब त्याचा बरोबर होता. मूळ स्वरूपातला मोनो आवाज मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा घेतो, म्हणजे ८० तासांना २५ जीबी. एमपीथ्री त्याच्या कितीतरी कमी जागेत मावतं. पण तसं करताना कानाला फारसा जाणवणार नाही असा भाग कायमचा टाकून दिला जातो. आत्या एवढंच म्हणाली, "जागा नाही म्हणून आईचा आवाज कमी करायचा का रे?" मग जागाच वाढवायची ठरली.

हे काम घर वाढवण्यासारखंच आहे. शेजारचा प्लॉट घेतला म्हणून स्वयंपाकघर आपोआप मोठं होत नाही. आधी जमीन, मग भिंत, मग फरशी.

त्याच्याही आधी बॅकअप. सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतल्या आणि त्यातल्या चार-पाच वाजवून पाहिल्या. न तपासलेल्या प्रतीचा काय भरवसा? मग मशीन बंद करून, जुने स्नॅपशॉट काढून डिस्क ४० वरून १०० जीबी केली. ही झाली जमीन.

मशीन पुन्हा सुरू केलं. 'एलएसबीएलके' ही आज्ञा डिस्क १०० जीबीची दाखवत होती, पण 'डीएफ' मात्र जुनाच आकडा सांगत होती. बरेच जण इथे गोंधळतात. दोघीही खरंच बोलत असतात. एक प्लॉट मोजते, दुसरी फरशी.

मधली पायरी पार्टिशनची, म्हणजे वाटणीची. आमच्या पार्टिशनला लागूनच स्वॅपचं पार्टिशन होतं आणि नवी मोकळी जागा त्याच्या पलीकडे. पार्टिशन सलग जागेतच वाढतं, मधल्या शेजाऱ्यावरून उडी मारून नाही. सुदैवाने हा शेजारी भाडेकरू निघाला. स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची तात्पुरती जागा, तिथे कायमचं काही नसतं. म्हणून स्वॅप बंद केला, ते पार्टिशन काढलं आणि सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या 'एफएसटॅब'मधली त्याची ओळही काढली. मग 'ग्रोपार्ट'ने भिंत पुढे सरकवली. स्वॅपसाठी नंतर एक साधी फाइल करून दिली.

शेवटी फरशी, म्हणजे फाइल सिस्टीम. आमची 'ईएक्सटी४' होती. ती 'रिसाईझटूएफएस'ने चालू मशीनवरच वाढते. काही सेकंदांचं काम. आता 'डीएफ'नेही नवा आकडा मान्य केला.

या सगळ्यात आजीची एकही फाइल जागची हलली नाही, फक्त शेवटची हद्द पुढे गेली. उलट दिशेचं काम मात्र जोखमीचं. डिस्क लहान करायची तर आधी फाइल सिस्टीम, मग पार्टिशन असा उलटा क्रम. ईएक्सटी४ त्यासाठी आधी अनमाउंट करावी लागते. क्रम चुकला तर माहितीच कापली जाते. म्हणून वाढवतानाही गरजेपुरतंच वाढवावं.

कॅसेट आता चढल्या आहेत. एकीत आजी कोणाला तरी ओरडतेय, "पोहे निवताहेत, या ना लवकर!" तो कोणीतरी म्हणजे मी, असं आत्या म्हणते. चुलतभाऊ म्हणतो तो.

तुमच्या घरीही एखाद्या फोनमध्ये किंवा कॅसेटमध्ये असा आवाज पडून असेल. या दिवाळीत सगळे जमाल तेव्हा तो बाहेर काढा आणि त्याच्या दोन प्रती करा. जागेचं नंतर बघता येतं.