कुलपाची निर्यात

आयफोनच्या ॲपची नवी आवृत्ती चढवताना ॲपल विचारतं: यात एन्क्रिप्शन आहे का? आता पुण्यात बसून दूध संकलन केंद्रांसाठी लिहिलेलं ॲप, त्याला निर्यातीचा कायदा कशाला? तर ते आधी अमेरिकेतल्या सर्व्हरवर जातं आणि तिथून परत आपल्याकडे येतं. झाली निर्यात!

एकेकाळी तिथे एन्क्रिप्शन चक्क दारूगोळ्याच्या यादीत होतं. फिल झिमरमनने १९९१ मध्ये पीजीपी लिहिलं, ते इंटरनेटवरून देशाबाहेर गेलं आणि त्याच्यामागे चौकशी लागली. ती जानेवारी १९९६ मध्ये, आरोप न ठेवताच, गुंडाळली. दरम्यान १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. फ्लॉपी नेली तर शस्त्रांची निर्यात, पुस्तक नेलं तर वाचनाची आवड! पुढच्या आवृत्तीची पुस्तकं तर लोकांनी १९९७ मध्ये युरोपात नेली, पान न् पान स्कॅन केलं आणि त्यातून चालतं सॉफ्टवेअर उभं केलं. हे सगळं होईपर्यंत मी जन्मलोही नव्हतो, याचं खरंच वाईट वाटतं.

२००० साली नियम बरेच सैल झाले. पण परदेशासाठी मुद्दाम दुबळी ठेवलेली कुलपं असंख्य सर्व्हरवर तशीच राहून गेली. २०१५ मध्ये 'फ्रीक' हल्ला उघड झाला, तेव्हा अशांत खुद्द एनएसएची साईट निघाली!

असो. माझं दुखणं वेगळं आहे. कुलूप कसं बनवायचं हे आता कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं. लपवायची असते ती चावी. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर तैवानच्या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या चाव्यांची सही होती. विंडोजने सही बघितली आणि दार उघडलं.

आमच्याकडे त्या एन्क्रिप्शनच्या प्रश्नाचं उत्तर वकील तपासतात. आणि अँड्रॉइड आवृत्तीवर सही करायची चावी? शेअर्ड फोल्डरमध्ये, पासवर्ड शेजारच्या टेक्स्ट फाईलमध्ये. तो फोल्डर बघितलेले दोघं तर नोकरी सोडून गेलेत. केंद्रांवर एपीके व्हॉट्सॲपवरून फिरते (आपली खरी वितरणव्यवस्था!). उद्या कुणी त्या चावीने भलतीच एपीके सही करून सोडली, तर फोन ती आमचंच अपडेट म्हणून निमूट घेणार. आणि त्या ॲपमध्ये शेतकऱ्याचे लिटर, फॅट आणि दहा दिवसांचा हिशेब आहे.

चावी बदलायची सोय अँड्रॉइड ९ पासून आहे, पण केंद्रांवरचे बरेच फोन त्याहून जुने. म्हणजे काम मोठं आहे, मान्य. मॅनेजरला दोनदा मेल केला, 'रिलीजनंतर बघू' असं उत्तर आलं. सोमवारी तिसरा पाठवतोय, या वेळी वकिलांना सीसीत घेऊन.