पाणी जाते कुठे?

यंत्रे मितभाषी असतात. मनातले सगळे सांगून टाकण्याचा माणसाचा हव्यास त्यांना नाही. मोटारीत चालकापुढच्या फलकावर अधूनमधून उजळणारे चिमुकले दिवे म्हणजे या मौनव्रती जातीचे तुटक उद्गारच होत. त्यांतल्याच एका पिवळ्या दिव्याने गेल्या वर्षी माघापासून चैत्रापर्यंत माझी पाठ सोडली नाही. त्यावर एका टाकीचे आणि तीतल्या लाटांचे चित्र होते. इंजिन थंड ठेवणारे द्रव कमी झाले आहे, एवढेच तो सांगे. ते कुठे गेले, केव्हापासून जात आहे आणि आणखी किती दिवस निभावेल, हे प्रश्न त्याने माझ्यावर सोपवले होते.

एरवी मी त्याचे इतके मनावर घेतले नसते; पण चैत्राच्या अखेरीस आईला बेळगावला न्यायचे ठरले होते. 82व्या वर्षी तिला रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि आपल्या धाकट्या बहिणीला एकदा डोळे भरून पाहण्याची तिची इच्छा पुढे ढकलण्याजोगी राहिली नव्हती. बंगळूरहून बेळगाव सुमारे 500 किलोमीटर. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी ओलांडून हुबळी गाठेपर्यंत डोक्यावर ऊन. अशा वाटेवर इंजिन तापून गाडी माळावर उभी राहिली, तर मी सावली शोधत हिंडेन. आईने काय करावे?

हे द्रव करते तरी काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांशच गाडी चालवण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते आणि बाकीच्या उष्णतेचा मोठा वाटा या द्रवाला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावा लागतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून टाकीला दाब धरून ठेवणारे झाकण असते. स्वयंपाकघरात कुकरचे झाकण जे साधते तेच हे झाकण येथे साधते, आणि आतले द्रव 100 अंश ओलांडूनही उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये, ते याच कारणाने.

ओळखीच्या मंडळींकडून सल्ले मात्र मुबलक मिळाले. ‘बंगळूरला कधी बर्फ पडले आहे का? मग ते महागडे कूलंट कशाला? नळाचे पाणी ओता,’ असे एका स्नेह्यांनी सांगितले. बर्फाविषयी त्यांचे म्हणणे खरे होते. या शहराचा नोंदलेला नीचांकही 1884 सालचा, 7.8 अंशांचा आहे. परंतु कूलंटातले ग्लायकॉल केवळ गोठणे टाळत नाही, ते उकळण्याची मर्यादाही वर नेते, आणि त्यासोबतची रसायने आतला धातू गंजू देत नाहीत. उलट आमच्याकडच्या कूपनलिकेचे पाणी इतके जड की न्हाणीघरातल्या गीझरमध्ये वर्षभरात क्षारांचा थर बसतो. तो थर इंजिनाच्या शिरांत कोण बसू देईल?

एका गॅरेजमध्ये याहूनही सोपा तोडगा निघाला. टाकीत तरंगणारा एक तुकडा असतो, त्यात लोहचुंबक असते. पातळी उतरली की ते चुंबक तळाशी असलेल्या एका नाजूक कळीपाशी येते आणि दिवा लागतो. तेथला तरुण कारागीर म्हणाला, ‘सर, ती कळच खराब झाली असेल. तार जोडून देतो, दिवा परत लागणार नाही.’ त्याच्या स्वरात खोटेपणा नव्हता. अशा कळी खरोखरच बिघडतात. पण ते ठरवायचे तर दिवा लागला असताना पातळी पाहायला हवी, आणि माझ्या टाकीत ती खरोखरच खालच्या खुणेपाशी होती. दिवा खरे बोलत होता, आणि खरे बोलणाऱ्याची जीभ कापण्यासाठी मला मजुरी द्यावी लागणार होती.

मग मी एक वही घातली. रोज सकाळी, इंजिन गार असताना, टाकीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पातळीची रेघ मारायची आणि किलोमीटर लिहायचे, एवढाच नेम. पंधरवड्यात दिव्याचे विक्षिप्त वागणे उलगडू लागले. तो सकाळी लागे आणि दहा मिनिटांनी विझे. कारण तापले की द्रव प्रसरण पावते आणि पातळी वर चढते. घराबाहेरच्या उतारावर लागे आणि सपाटीवर विझे. कारण टाकीतले द्रव एका बाजूला सरके. दिवा विझला म्हणजे दुखणे बरे झाले असे नव्हे, हे त्या रेघांनी दाखवून दिले. त्या न चुकता खाली सरकत होत्या. गाडीखालची फरशी मात्र कोरडी. तेलाच्या सळईवर दुधाळ फेस नव्हता, धुराला पांढरा रंग नव्हता, आत गोडसर वास नव्हता. म्हणजे द्रव इंजिनाच्या पोटात जात नव्हते आणि जमिनीवरही गळत नव्हते. मग ते जात होते कुठे?

त्याचे उत्तर शिवाजीनगरच्या एका गल्लीतल्या वृद्ध मिस्त्रींनी दिले. तिथे सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझी वही त्यांनी चष्मा पुसून वाचली आणि आपल्या दखनीत म्हणाले, ‘साब, पानी डालना काम नहीं. पानी कहाँ जाता, वो देखना काम.’ गार इंजिनाच्या टाकीवर झाकणाऐवजी त्यांनी एक हातपंप बसवला, दाब भरला आणि काट्याकडे बोट दाखवून ते चहा पिऊ लागले. चहा संपेपर्यंत काटा उतरला होता. मग विजेरीच्या उजेडात त्यांनी मला पाण्याच्या पंपाखालचे एक इवलेसे छिद्र दाखवले. त्याच्या ओठाशी एक थेंब जमला होता आणि भोवती गुलाबी-पांढरी खरपुडी होती. गाडी चालू असताना तो थेंब तापलेल्या लोखंडावर पडून तिथल्या तिथे वाळे; म्हणून फरशी कोरडी!

ते छिद्र झिजेने पडले असेल असे मला वाटले. पण चाचा हसले. ते कारखान्यातच पाडलेले असते. पंपाच्या आतली चकती झिजली की द्रव लपून बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर यावे आणि कुणाच्या तरी दृष्टीस पडावे, यासाठी ही वाट मुद्दाम ठेवलेली असते. आपल्या कृतीत उद्या उत्पन्न होणारा दोष आजच गृहीत धरून त्याला बोलायला तोंड ठेवणाऱ्या त्या अज्ञात रचनाकाराविषयी मला खचितच आदर वाटला. संस्था आणि कुटुंबे उभारणाऱ्यांपैकी किती जण असे छिद्र राखून ठेवतात?

परतताना रस्त्यात पाण्याचे तीन टँकर दिसले आणि हा विचार शहराकडे वळला. या गावाला मोठी नदी नाही. जुन्या लोकांनी एकाखाली एक तळी बांधली. वरचे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्यात उतरे. तळे ही पाण्याची साठवण, तशीच गावाच्या पाण्याची उघडी मोजपट्टीही होती. पुढे 1894 साली हेसरघट्ट्याचे पाणी आले, 1933 साली तिप्पगोंडनहळ्ळीचे, आणि 1974 पासून कावेरी सुमारे 100 किलोमीटरांवरून, अर्धा किलोमीटर उंच चढवून आणली जाऊ लागली. प्रत्येक वेळी टाकी भरली आणि दिवा विझला. दरम्यान कित्येक तळी बुजली. 2024च्या उन्हाळ्यात कूपनलिका कोरड्या पडल्या, तेव्हा गल्लोगल्ली टँकरचा भाव विचारला जात होता. पाणी जाते कुठे, हे विचारणारे थोडे होते. तहानेल्याला आधी पाणीच दिले पाहिजे, यात वाद नाही. परंतु ओतणे हा उपचार नव्हे, उपचारासाठी मिळवलेला अवधी होय.

चाचांनी पंप बदलला, नवे द्रव भरले, आतली हवा काढून टाकली. त्यानंतर आठ दिवस वहीतली रेघ हलली नाही, आणि आम्ही बेळगावला निघालो. चित्रदुर्गाच्या पुढे आईने विचारले, ‘दिवा लागला का रे?’

‘नाही आई.’

‘मग पोचल्यावर पाणी आहे ना, ते एकदा बघून घे. दिवाच गेला असेल तर तो कुठला सांगायला?’

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशीच्या अंगणात मी टाकीपाशी वाकलो. पातळी नेमकी रेघेवर होती. आत माजघरात दोघी बहिणी केव्हाच्या उठून बोलत बसल्या होत्या.