भट्टीवाचून स्फटिक

आमच्या संशोधनप्रकल्पाचा अर्ज नामंजूर करताना संबंधित समितीने त्याच्या समासात ‘भट्टीची तरतूद नाही, सबब स्फटिकीकरण असंभव’ असा जो शेरा मारला, तो इतक्या वर्षांनी आठवला तरी मन क्षुब्ध झाल्यावाचून राहत नाही.

विषय तसा सर्वश्रुत आहे. फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुढे याच ऑक्साइडचा सूक्ष्म थर काचेवर चढविला असता अतिनील किरणांच्या योगाने तो वरचा सेंद्रिय मळ नाहीसा करतो, हे सिद्ध झाले. मात्र त्यासाठी थर अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपात असणे इष्ट. द्रावणात काच बुडवून काढलेला थर प्रथम अस्फटिक असतो आणि तो 400 ते 500 अंशांवर भाजावा, असा प्रघात आहे.

प्रघाताला माझा विरोध नव्हता. त्यालाच निसर्गनियम मानण्याला होता. खिडकीच्या साध्या काचेत वजनाने सुमारे 13 ते 14 टक्के सोडियम ऑक्साइड असतो, अशी काच त्या तापमानाला भाजली की तिच्यातील सोडियम वर सरकून थरात शिरतो, अ‍ॅनाटेजची घडण बिघडवतो आणि थराची क्रियाशीलता मारतो, म्हणूनच भट्टी वापरणाऱ्यांना मध्ये सिलिकाचा अडसर घालावा लागतो, ही सारी कैफियत आम्ही अर्जात स्वतंत्र परिच्छेदात, आलेखांसह मांडली होती. सिलिका आणि टायटॅनिया (म्हणजेच टायटॅनियम डायऑक्साइड) यांचा एकत्रित थर शंभर अंशांखालच्या गरम पाण्यात ठेवला असता सिलिका विरघळत जाते व टायटॅनियाचे अतिसूक्ष्म अ‍ॅनाटेज कण तयार होतात, हे जपानी संशोधकांनी पूर्वीच प्रसिद्ध केले होते; त्याचाही उल्लेख होता. प्रत्यक्ष मुलाखतीत एका ज्येष्ठ सदस्यांनी पाने उलटली, त्या परिच्छेदावर क्षणभरही न थांबता शेवटचे अंदाजपत्रक काढले आणि ‘भट्टीचे दरपत्रक कुठे आहे?’ एवढेच विचारले. ‘साहेब, भट्टी लागणार नाही, हाच तर प्रकल्प आहे,’ असे मी म्हणालो, तेव्हा ‘मग पुढच्या वर्षी दरपत्रक जोडून या,’ असे उत्तर मिळाले. आणि ज्या विद्यार्थ्याने ते सगळे नमुने केले होते, तो माझ्या शेजारी उभा असता त्याला एक अक्षरही विचारले गेले नाही.

जे असंभव ठरले, ते आमच्या वॉटर बाथमध्ये घडत होते. क्ष-किरणांच्या आलेखात जिथे आधी केवळ एक रुंद उंचवटा होता, तिथे 25.3 अंशांवर अ‍ॅनाटेजचे शिखर उभे राहिले. आणि अतिनील दिव्याखाली ठेवलेल्या त्या काचेवर पाण्याचा थेंब सोडला, तर तो मण्यासारखा न राहता पसरून दिसेनासा होई.

नव्या संशोधकांना माझे एवढेच सांगणे, की थराची क्रियाशीलता तपासताना मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा रंग उडाला एवढ्यावरच विसंबू नये. तो प्रकाशात आपोआपही फिकट होतो, तेव्हा थर नसलेली काच शेजारी ठेवावीच. आणि अर्जाला भट्टीचे दरपत्रक अवश्य जोडावे. हे लिहिताना मला क्लेश होतात, परंतु भाजलेला थर घासण्याला अधिक टिकतो हेही खरे आहे, आणि रोज पुसल्या जाणाऱ्या काचेसाठी आज मी स्वतःदेखील भट्टीच निवडीन. समितीने हा आक्षेप घेतला असता, तर मी तो आनंदाने मान्य केला असता.