काळजाभोवतीचे पाणी

'काळजाचे पाणी होणे' हा वाक्प्रचार आम्ही आजवर किती स्वस्तात वापरला! बदलीचा हुकूम हाती पडला, तरी आमच्या काळजाचे पाणी होत असे. काळजाभोवती खरोखरीच पाणी साठू शकते, हे अक्काच्या दुखण्याने आम्हांस दाखविले.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्याचे सरकारी निवासस्थान म्हणजे आप्तेष्टांची धर्मशाळाच. अक्का उपचारांसाठी आमच्याकडे दिल्लीस आली, तेव्हा तिचा स्तनाचा कर्करोग फार पुढे गेला होता. पुढे तिला आडवे होणे अशक्य झाले. पाठीशी उशा रचून ती रात्रभर बसून राही. आता असेच चालायचे, असे येणारेजाणारे म्हणत. डॉक्टरांनी मात्र ध्वनिलहरींनी हृदय तपासले. कर्करोग हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचून त्या पिशवीत पाणी जमले होते.

हे पाणी सावकाश जमले, तर पिशवी सैल होत जाऊन पुष्कळसे सामावून घेते. झपाट्याने जमले, तर शे-दोनशे मिलिलिटरही हृदयाला नीट भरू देत नाही. मग नाडी धावू लागते, रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात. डॉक्टरांनी सुईने पाणी काढले आणि त्या रात्री अक्का कित्येक दिवसांनी आडवी झोपली.

कर्करोग हृदयाला अन्य वाटांनीही गाठतो. कधी तर उपचाराच्याच वाटेने. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे गुणकारी औषध हृदयाचे स्नायू दुर्बळ करू शकते. म्हणून रोग्याला आजवर ते एकूण किती दिले, याचा हिशेब डॉक्टर एखाद्या लेखापालाच्या काटेकोरपणाने ठेवतात.

महिन्याभराने पाणी पुन्हा जमले. पुन्हा सुई घालावी, आवरणाला खिडकी पाडून पाण्याला वाट करून द्यावी, की मॉर्फिनच्या अल्प मात्रेने केवळ धाप शमवावी, हे डॉक्टरांनी अक्कालाच विचारले. ती एवढेच म्हणाली, "झोप कशाने लागेल, तेवढे करा." दुसऱ्यांदा तिने सुई घेतली, तिसऱ्यांदा नाकारली. त्यानंतरचे आठ दिवस मॉर्फिनने तिला शांतपणे निजू दिले, आणि आमच्याच घरी ती गेली.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज अशी एक खाट असेल. कर्करोगावर इलाज उरला नाही, म्हणून धापेवरही इलाज नाही असे नव्हे. रोग्याला निजता येईनासे झाले, तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.