किल्ली कुणाकडे द्यायची?

प्रिय सखे,



तुझं पत्र मिळालं. डिसेंबरात तुम्ही सगळे इकडं येणार हे वाचून जीव हरखला, पण निम्मं पत्र तर घराच्या काळजीनंच भरलेलं! कॅनडातल्या थंडीत घर सोडताना पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा, हीटर मात्र मंद चालू ठेवायचा, नाहीतर भिंतीतल्या नळ्या गोठून फुटतात, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. "रिकाम्या घराला ऊब कशाला गं?" असं त्यांनी विचारलं. मग सगळं समजावून सांगितलं, तेव्हा कुठं पटलं.

आमचीही निघायची गडबड चालू आहे. परवा पंढरपूर. पायी जाणारे नर्सीच्या नामदेव महाराजांच्या पालखीबरोबर केव्हाच पुढं गेलेत. शेगावची गजानन महाराजांची पालखीही आपल्या जिल्ह्यातून, नर्सी-औंढ्यावरून गेली. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून आम्ही एसटीनं. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही आणि २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना अर्धं, त्यामुळे यंदा आमच्या आळीतल्या बायका बऱ्याच निघाल्यात.

पेरणी आटोपली, सोयाबीन वर आलंय. खरा घोर हळदीचा. भाव वाढेल म्हणून ह्यांनी थोडी हळद ठेवून दिलीय, ती पोत्यांतून पुढच्या खोलीत आहे. आषाढातली हवा म्हणजे हळदीची वैरीण. उन्हाळ्यात खळ्यावर खडखडीत वाळवलेली हळद आठ दिवस दमट हवेत राहिली की ओल धरते, मग कीड लागते. काल आम्ही दोघांनी सगळी पोती भिंतीपासून हातभर पुढं ओढली, खाली लाकडी फळ्या सारल्या. प्रत्येक पोत्यातलं एकेक हळकुंड मोडून बघितलं. चांगलं वाळलेलं हळकुंड कडकन आवाज करून तुटतं आणि आतला भाग गर्द केशरी दिसतो. एका पोत्यातलं मात्र नुसतंच वाकलं. ते पोतं उघडून पंख्याखाली पसरलंय, आणि उद्यापर्यंत वाळलं नाही तर ते तेवढं शेजारी सांभाळायला देणार. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता! पण मानांकन मिळालं तरी राखण घरातल्या माणसालाच करावी लागते.

दुसरं काम पत्र्यांचं. तुला आठवत असेल, आपल्याकडं स्वयंपाकघरावर आणि गोठ्यावर पत्रे, आणि वावधानात उडू नयेत म्हणून त्यावर हे एवढाले दगड. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं भूकंपाचे दोन धक्के बसले, पहिला ४.५ चा. पांगरा शिंद्याकडं जमिनीतून गूढ आवाज येतात हे बरीच वर्षं ऐकत होतो, पण त्या दिवशी भांडी मांडणीवरून खाली आली. पत्र्यावरचे दगड काढून घ्या, असं प्रशासनानं तेव्हा सांगितलं. पुन्हा १० जुलैला, सव्वासातच्या आसपास, तेवढाच मोठा धक्का, केंद्र कळमनुरी तालुक्यात. आषाढी एकादशी त्या वर्षी १७ जुलैला होती. म्हणजे निम्मं गाव वाटेवर! दिंडीतल्या माणसांनी घरी फोनवर फोन केले, प्रत्येकाचा प्रश्न एकच, "दगड काढले होते का?" किल्लारीला १९९३ च्या भूकंपात माळवदं आणि दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर येऊनच तर माणसं गेली. ते दिवस सासूबाई विसरलेल्या नाहीत. आमचे दगड आम्ही प्रशासनानं सांगितलं त्याच महिन्यात उतरवले, पत्रे आकड्यांनी आवळले. तरी परवा शिडी लावून मी एकेक आकडा हातानं हलवून बघितला. दोन ढिले निघाले, ते घट्ट करून घेतले.

बाकीची कामं तुला पाठ आहेत. न्हाणीतल्या मोरीचं भोक चिंधी कोंबून बुजवायचं, कारण पावसात साप-विंचू तिथूनच येतात. विहिरीवरच्या मोटारीचं ऑटो बंद करायचं, नाहीतर रात्री वीज आली की मोटर चालू होते आणि पाणी वावरात साचतं. डिशची वायर काढून ठेवायची, विजांचा भरवसा नाही. लोणच्याच्या बरणीचा दादरा बदलायचा. धपाटे आणि दशम्या निघण्याच्या पहाटे.

पण हे सगळं करूनही घर सोडता येत नाही गं. म्हैस दावणीला आहे, सकाळ-संध्याकाळ धार काढावी लागते. देवाला दिवा लागतो. म्हणून घर बंद करायचं नाही, कुणाच्या तरी हाती द्यायचं. शेजारच्या काकूंच्या सुनेनं यंदा सगळं अंगावर घेतलंय. दूध तिनंच ठेवायचं, हा रिवाज. मागच्या खेपेला काका-काकू पंढरपूरला गेले, तेव्हा त्यांची गाय आमच्याकडं होती. पोरगी नवी आहे, म्हणून नुसती किल्ली दिली नाही. तिला घरभर फिरवलं. मेन स्विच इथं, गॅसची टाकी इथून बंद करायची, म्हैस अडून बसली तर सरकीची पेंड ह्या डब्यात. तिनं प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातानं करून दाखवली तेव्हा मला स्वस्थता आली. सासूबाईंनी तिच्या ओटीत खण-नारळ घातला, आणि पंढरपूरहून तुळशीची माळ आणण्याचं कबूल केलं.

तू लिहिलंस की तिकडं घर रिकामं असताना कुणीतरी अधूनमधून येऊन बघून जावं, अशी विमा कंपनीचीच अट असते. मग एखाद्या ॲपवरच्या अनोळखी माणसाला पैसे देण्याआधी, तुझ्या पत्रात येणाऱ्या त्या शेजारच्या आजींना विचारून बघ. विचारायला संकोच करू नकोस. पाण्याचा मुख्य नळ कुठं आहे ते त्यांना नेऊन दाखव, एकदा त्यांच्या हातानं बंद-चालू करून घे. आणि त्यांच्यासाठी इथून काय न्यायचं ते मला वेळेवर कळव. हळद तर मी बांधून ठेवतेच, ह्याच पोत्यांतली.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझीच,
वसमतची मैत्रीण