कोळंबीच्या गुणसूत्रांची खानेसुमारी

मनुष्याच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात हे चिओ आणि लेव्हान यांनी 1956 साली सप्रमाण सिद्ध करीपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ 48 हाच आकडा क्रमिक पुस्तकांतून बिनतक्रार चालत आला होता. मग टायगर कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्याच्या ठायी, जिथे गुणसूत्रे 88 आणि आकाराने केवळ टिंबे, किंवा शंखात राहणाऱ्या त्या खेकड्याच्या ठायी, ज्याची 254 गुणसूत्रे जपानी संशोधक निइयामा यांनी नोंदविली, मोजणाऱ्याने किती सावध असावे हे सांगावयास नको.

कोळंबी जिवंतच हवी, कारण मृत्यूनंतर तिच्या पाचक ग्रंथीचे रस शेजारच्या वृषणाची नासाडी करू लागतात. तिला प्रथम कोल्चिसिन टोचावयाचे. आपल्याकडे पावसाळ्यात रानोमाळ फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असणारे हे द्रव्य विभाजनाचे तर्कू बनू देत नाही, आणि पेशी नेमक्या मोजण्याजोग्या अवस्थेत अडकून राहतात. नंतर वृषणाचे पारदर्शक तुकडे सौम्य क्षारद्रावणात ठेवले की पेशी फुगतात आणि आतील गर्दी विरळ होते; मात्र वेळ थोडा कमी पडला तर गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली राहतात, आणि अधिक झाला तर पेशी फुटून ती वाहून जातात. तीन भाग मिथेनॉल व एक भाग असेटिक आम्ल यांत स्थिर केलेल्या पेशींचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळविला, गिम्सा रंगात बुडविला, की तैलभिंगाखाली जांभळी टिंबे उमटतात. शुक्रपेशी तयार होताना हीच गुणसूत्रे जोडीने वावरतात, आणि 88 सुट्या टिंबांऐवजी कडी, क्रूस, डंबेल अशा ओळखू येणाऱ्या 44 आकृती दिसतात. वृषणाची निवड आम्ही करतो ती याच सोयीसाठी.

खरी कसोटी यानंतरची आहे. फुटलेली पेशी कमी आकडा देते आणि शेजारच्या पेशीतून भरकटलेले टिंब तो वाढविते, म्हणून एकाच सुबक पेशीच्या साक्षीवर फैसला मुक्रर करणे हा या शास्त्रात अन्याय ठरतो. अनेक पेशी मोजाव्यात, सर्वाधिक वेळा आलेला आकडा ग्राह्य धरावा, आणि 85, 86, 87 असे इतर आकडेही दप्तरात तफावतीसह नोंदवावेत. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने 88 म्हणून सांगितले की मी त्याची वही मागवितो, आणि त्या आकड्याखाली बाकीच्यांची खानेसुमारी नसेल तर त्याला पुन्हा भिंगापाशी बसवितो.