'काही होत नाही'

२०२१च्या मे महिन्यात आईला लस घेण्यासाठी चिखलीला नेले, तेव्हा तिच्या शंकेला मी तीनच शब्दांत उत्तर दिले होते : 'काही होत नाही.' महिन्यापूर्वीच मामा करोनाने गेले होते. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली, असे डॉक्टर म्हणाले होते. त्या भीतीपुढे अधिक बोलण्याची गरज मला वाटली नाही.

२०२४च्या एप्रिलअखेर बातमी आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोविशिल्ड' या नावाने बनविलेल्या लशीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गाठी होऊ शकतात, असे मूळ कंपनी अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केले होते. आईचा फोन आला. "बापू, तू तं म्हणत होता, काही होत नाही."

वस्तुतः ही कबुली नवी नव्हती. युरोपच्या औषध नियामक संस्थेने हा संबंध ७ एप्रिल २०२१ रोजीच नोंदविला होता. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही १७ मे २०२१ रोजी कोविशिल्डनंतर गाठींची संभाव्य २६ प्रकरणे आढळल्याचे जाहीर केले. प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१. लशीनंतर वीस दिवस श्वास लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे, तीव्र डोकेदुखी यांकडे लक्ष ठेवा, असेही सांगितले होते. म्हणजे सावधगिरीचे शब्द उपलब्ध होते. मी ते आईपर्यंत पोचविले नाहीत.

शनिवारी गावी गेलो आणि तिला सारे सांगितले. क्वचित एखाद्याच्या शरीरात लशीनंतर अशी प्रतिद्रव्ये तयार होतात की ती रक्तातील प्लेटलेटनाच चेतवितात. मग गाठी होतात आणि प्लेटलेट घटतात. हे घडायचे ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. तीन वर्षांनी त्याचे भय नाही. करोनाचा विषाणू मात्र रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाच सूज आणतो, म्हणून त्या आजारात गाठींचा धोका लशीहून कितीतरी मोठा. मामा त्यानेच गेले.

आईने शांतपणे ऐकले. "मंग हे तवाच सांगाचं ना. मी आलीच असती."

'दुर्मीळ' आणि 'अशक्य' यांतील अर्थच्छटा मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. घरात मात्र मी सत्याऐवजी दिलासा निवडला, आणि आईला ते पेलणार नाही, हेही तिच्या वतीने मीच ठरवून टाकले होते.